साच्यातले प्रबंध

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे या गावांत पावसाळ्याच्या कितीतरी आधीपासून गणपतीच्या कारखान्यांची लगबग सुरू असते. माती मळणे, साचा भरणे, जोडकाम, घासकाम, रंगकाम अशी कामांची वाटणी असते आणि नव्या मुलाच्या हाती कोणते काम केव्हा द्यायचे याची एक अलिखित शिस्त असते. साचा भरणे थोड्या दिवसांत जमते. डोळ्यांची आखणी मात्र जाणत्या कारागिराच्या हाताकडे वर्षानुवर्षे पाहत राहिल्यावाचून कोणाच्या स्वाधीन केली जात नाही. साच्यातून मूर्ती कितीही सुबक निघाली तरी तिला जिवंतपणा येतो तो आखणीने, आणि आखणी बिघडली तर गिऱ्हाईक मूर्ती उचलत नाही.

महाराष्ट्रातील विद्यापीठांतून शिक्षणशास्त्र या विषयात पीएच.डी.साठी जे प्रबंध सादर होतात, त्यांतील बहुसंख्य चाळून पाहिले तर हमरापूरच्या कारागिराची आठवण होते, पण उलट्या अर्थाने. येथे साचा आहे, आखणी नाही. प्रकरणे पाचच: प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन, निष्कर्ष व शिफारशी. शीर्षक 'अमुक जिल्ह्यातील अमुक स्तरावरील अमुक घटकाच्या दृष्टिकोनाचा चिकित्सक अभ्यास' असे. त्यात चिकित्सा कोठे आहे हे शोधायला दुसरा प्रबंध लिहावा लागेल. 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच पर्यायांची प्रश्नावली पूर्वी टपालाने जाई, आता ती भ्रमणध्वनीवर गूगल फॉर्म होऊन येते आणि लोकलच्या गर्दीत, दोन स्थानकांच्या मधल्या वेळात भरून परत जाते. मग टक्केवारी, रंगीत आलेख आणि अखेरीस शासनाने अधिक निधी द्यावा, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, पालकांनी जागरूक राहावे अशा शिफारशी. त्या लिहायला ना प्रश्नावलीची गरज होती, ना पाच वर्षांची. गणपतीच्या कारखान्याला निदान गिऱ्हाईक असते. या प्रबंधांना तेही नाही. ते परीक्षक वाचतो (वाचत असेल तर) आणि मग ते ग्रंथालयाच्या तळघरात जातात.

सन्मान्य अपवाद आहेत. एकट्याच्या चिकाटीवर उत्तम काम करणारे अभ्यासक प्रत्येक विद्यापीठात दोनचार तरी निघतात. परंतु ते व्यवस्थेमुळे निघत नाहीत, व्यवस्था असूनही निघतात. येथे प्रश्न व्यक्तींच्या कुवतीचा नाही. हा अभ्यासक्रम आखतानाच तो कशासाठी आहे याचा विचार कोणी केला होता काय, हा प्रश्न आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत 'सारथी'च्या अधिछात्रवृत्तीची चर्चा चालू असताना तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार आहेत, असा सवाल केला होता. गदारोळ झाला, निषेध झाले, त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. सवालाची भाषा उर्मट होती यात शंका नाही आणि हलाखीत शिकणाऱ्या मुलांचा त्याने अवमान झाला हेही खरे. पण त्या साऱ्या गदारोळात एकाही विद्यापीठाच्या कुलगुरूने पुढे येऊन, 'आमच्याकडच्या प्रबंधांनी हे हे दिवे लावले आहेत', असे दाखवून दिले नाही. शिक्षणविषयक प्रबंधांबाबत तर हे मौन अधिकच बोलके आहे. वैद्यकाचा संशोधक रोगाचा अभ्यास करतो, शेतीचा संशोधक वाणाचा. मग विद्यापीठाने दिलेल्या पैशावर, विद्यापीठाच्याच छपराखाली, विद्यापीठ आणि महाविद्यालय या संस्थांचा अभ्यास कोण करतो?

रोह्याचा वारसा, पेणचा वारसा

हा प्रश्न पेण आणि रोह्यातून विचारावा यास एक विशेष औचित्य आहे. रोह्यात ज्यांचे बालपण गेले त्या चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली मॅट्रिकला पहिला क्रमांक आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, हा इतिहास घराघरांत माहीत आहे. त्यानंतर त्यांनी काय केले याची आठवण मात्र कमी काढली जाते. संसदेच्या कायद्याने वैधानिक स्वरूप मिळालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते पहिले अध्यक्ष झाले. भारतातील विद्यापीठांचा दर्जा राखण्याची जबाबदारी कायद्याने ज्या संस्थेवर टाकली, तिची घडी बसवणारा माणूस कुंडलिकेच्या काठी वाढला होता. १९६१ पर्यंत ते त्या पदावर होते. पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी सांभाळले, आणि या व्यापातही मेघदूताचा मराठी अनुवाद करण्याइतके संस्कृत त्यांनी जिवंत ठेवले होते.

दुसरे नाव पेण तालुक्यातील वरसईचे. सत्तावन्नचा रणसंग्राम डोळ्यांनी पाहून तो मराठीत लिहून ठेवणारे विष्णुभट गोडसे याच गावचे, आणि इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्मही येथलाच. राजवाडे पदवीधर होते, पण त्यांच्या नावामागे डॉक्टरेट नव्हती. त्यांच्यापाशी होती ती पायपीट. गावोगावच्या वाड्यांतील माळे, पेट्या, रुमाल धुंडाळून, कोठे मिनतवारी करून तर कोठे भांडून त्यांनी कागद मिळवले. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि खंडांची संख्या बाविसावर गेली. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. आपले लेखन इंग्रजीत केल्यास अधिक मान मिळेल हे ठाऊक असूनही त्यांनी ते जाणीवपूर्वक मराठीत केले. त्यांचे अनेक निष्कर्ष पुढच्या संशोधकांनी खोडून काढले. काढायचेच असतात. पण ते खोडून काढण्यासाठीसुद्धा राजवाड्यांनीच छापलेली साधने हाताशी घ्यावी लागली. प्रबंध कशाला म्हणावे याची याहून सोपी कसोटी सांगता येणार नाही: मत चुकले तरी मागे उरणारे साधन. आजच्या प्रश्नावलीछाप प्रबंधाचे मत बाजूला काढले तर मागे काय उरते? कोरे गूगल फॉर्म.

(याच पेण तालुक्यात गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी तर आपली प्रमाणपत्रे आईसमोर चुलीत घातली होती. तो मार्ग सर्वांना झेपणारा नाही, आणि येथे तो सुचवायचाही नाही.)

वरसईने संशोधकाचा नमुना दिला आणि रोह्याने दर्जाचा राखणदार दिला. परंतु त्या राखणदाराच्या संस्थेने पुढे दर्जा राखण्यासाठी काय केले, हे पाहिले की मन खिन्न होते.

नियमांची रांग

२००९ साली आयोगाने पीएच.डी.साठी प्रवेश परीक्षा आणि अभ्यासवर्ग सक्तीचे केले, प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवण्याचा दंडक घातला. २०१६ साली प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार अशी विद्यार्थिसंख्येची मर्यादा आली. प्रबंधापूर्वी नियतकालिकात लेख छापून येणे बंधनकारक होतेच. त्याचा परिणाम काय झाला? पैसे भरले की आठ दिवसांत 'आंतरराष्ट्रीय' लेख छापून देणारी दुकाने गल्लोगल्ली उघडली. २०१८ साली आयोगालाच आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात वगळावी लागली. त्याच वर्षी पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले की, विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची ठरण्यासारखी होती. शिफारस विद्यापीठांची होती, हे विसरू नये. चोराने कुंपण फोडले असे म्हणावे, तर येथे कुंपणाचे फाटक राखणाऱ्यानेच उघडून दिले होते.

मग वाङ्मयचौर्याचे नियम आले आणि दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य ठरले. लगेच ते साम्य दहाच्या आत आणून देणारे 'तज्ज्ञ' बाजारात दाखल झाले. २०२२ साली लेखाची सक्ती उठली. २०२३ साली सहायक प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीला पीएच.डी. अनिवार्य नाही असे ठरले, २०२४ साली प्रवेशासाठी नेटचे गुण धरण्याची सोय झाली आणि २०२५ साली आधीच्या गोंधळावर उतारा म्हणून काढलेली 'केअर' यादीही बंद झाली. प्रत्येक नियमामागे हेतू चांगला असेल. पण या रांगेत एकही नियम असा नाही, जो विद्यार्थ्याला विचारतो की बाबा, तुझा प्रश्न काय आहे? सारे नियम प्रबंधाच्या वेष्टनाचे: किती पाने, किती श्रेयांक, किती टक्के साम्य, किती वर्षे. मापे वाढत गेली आणि मापायची वस्तू हरवली.

शिक्षणशास्त्रात तर पहिली खोट प्रवेशाच्या दारातच आहे. बहुतेक विद्यापीठांत हा विषय अध्यापक महाविद्यालयांच्या चौकटीत अडकला आहे. एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातील एम.ए. असल्याखेरीज आत येता येत नाही, आणि आत आलेला बहुधा शालेय अध्यापनाकडे वळतो. वीस वर्षे महाविद्यालयाचे हिशेब सांभाळलेला अधीक्षक, विद्यापीठाचा निवृत्त उपकुलसचिव, अर्थशास्त्राचा किंवा इतिहासाचा प्राध्यापक यांना महाविद्यालय ही संस्था आतून माहीत असते, पण दार त्यांच्यासाठी बंद असते. उच्च शिक्षण हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे याचीच आपल्याकडे अजून जाण नाही. अमेरिकेत क्लार्क विद्यापीठात स्टॅन्ली हॉल यांनी १८९३ साली या विषयाचे वर्ग सुरू केले. तेथे पुढे संशोधकाची पीएच.डी. आणि संस्था चालवणाऱ्याची एड.डी. असा भेद आला, तो पुसट झाला म्हणून २००७ पासून अनेक विद्यापीठांनी एकत्र येऊन एड.डी.ची फेरआखणी केली आणि प्राचार्याने स्वतःच्या संस्थेतील अडचण हाच प्रबंधाचा विषय करावा, असा प्रघात पाडला. अमेरिकेचे अनुकरण करावे असे येथे मुळीच सांगायचे नाही. अनुकरण पुरेसे झाले आहे. आपल्या प्रबंधांतील 'सैद्धांतिक चौकट' तिकडूनच उचललेली असते. उचलायचीच तर चौकट कशाला, खटपट उचलावी.

आणि बीज आपल्याकडे नव्हते असेही नाही. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी १९४८ साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९७६ साली ती पुण्यात आणली. शिक्षणाचा अभ्यास अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांच्या संगतीने व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. आयोगाचे अहवाल लिहिणाऱ्या या माणसाने त्याआधी कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीला मौनी विद्यापीठाच्या उभारणीत हात घातला होता. आधी गारगोटी, मग दिल्ली, असा तो क्रम होता. आजचा क्रम नेमका उलटा आहे.

प्रश्न तालुक्यात आहेत

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत अभ्यासाला विषय कमी आहेत काय? डोलवीचा पोलाद कारखाना पेण तालुक्यात उभा आहे, धाटावची रासायनिक वसाहत रोह्याला लागून आहे. त्या कारखान्यांतील प्रयोगशाळेत आणि नियंत्रण कक्षात रोह्याच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले किती जण बसतात, आणि किती जण कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतात? कातकरी आणि ठाकूर वाड्यांतून बारावीपर्यंत पोहोचलेली मुले प्रथम वर्षाच्या कोणत्या महिन्यात यायची थांबतात? भातलावणीत, वीटभट्टीच्या हंगामात, की शुल्काच्या दुसऱ्या हप्त्याला? सकाळच्या रोहा-दिवा गाडीने रोज पनवेल-ठाण्याकडे शिकायला जाणाऱ्या मुलींच्या घरच्यांनी गावातले महाविद्यालय सोडून तो प्रवास का पत्करला? २०२४ साली शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. त्या निर्णयाने रायगडातील किती घरांचे गणित बदलले आणि किती घरांत वसतिगृहाचा खर्चच आडवा आला? नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आले, तेव्हा दोनच तुकड्या आणि तासिका तत्त्वावरील मूठभर शिक्षक असलेल्या महाविद्यालयाने विषयांची ती लांबलचक निवड प्रत्यक्षात कशी पुरवली?

याची उत्तरे कोणत्याही 'दृष्टिकोनाच्या चिकित्सक अभ्यासा'त मिळणार नाहीत. ती महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरात आहेत, हजेरीपटांत आहेत, शुल्काच्या पावत्यांत आहेत, एसटीच्या पासांच्या अर्जांत आहेत, आणि वाड्यांवरच्या अंगणांत आहेत. म्हणजेच आजच्या माळ्यांवर आणि पेट्यांत. ती धुंडाळायला राजवाड्यांची पायपीट हवी, आणि अभ्यासक्रमाने ती पायपीट सक्तीची केली पाहिजे. पहिल्या वर्षी विषयाचे शीर्षकच मागू नये. विद्यार्थ्याने एका तालुक्याच्या एका महाविद्यालयात सबंध शैक्षणिक वर्ष काढावे, त्याचे दप्तर वाचावे, त्याची तीस-चाळीस वर्षांची प्रवेशनोंद नीट लावून दाखवावी. बारा श्रेयांकांच्या अभ्यासवर्गात 'संशोधन म्हणजे काय' याच्या व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, वेतन अनुदानाची पद्धत, महाविद्यालयाचा ताळेबंद वाचण्याची विद्या आणि खरीखुरी संख्याशास्त्राची तालीम द्यावी. मार्गदर्शकासोबत दुसऱ्या विद्याशाखेचा एक जाणकार असावा. आणि प्रबंध मराठीत लिहिण्याचे केवळ स्वातंत्र्य नको, त्याला मान हवा. भाषा संचालनालयाने शिक्षणशास्त्राचा परिभाषा कोश करून ठेवला आहे, तो उघडला तर पाहिजे. मराठीला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्या विद्यापीठांत आजही मराठीत प्रबंध देणाऱ्याकडे, याला इंग्रजी येत नसावे, अशा नजरेने पाहिले जाते.

मौखिक परीक्षेचे काय? नियमाने ती खुली असते. प्रत्यक्षात ती एखाद्या विभागाच्या खोलीत, विद्यार्थ्याचे चार नातेवाईक आणि सामोसे यांच्या साक्षीने उरकली जाते. रोह्याच्या महाविद्यालयावर प्रबंध लिहिला असेल, तर ती परीक्षा रोह्यात व्हावी. समोर प्राचार्य असावेत, निवृत्त शिक्षक असावेत, माजी विद्यार्थी असावेत, आणि वाडीवरून आलेला तो बापही असावा ज्याचा मुलगा दुसऱ्या सत्रात घरी बसला. प्रबंधातले विधान त्यांच्यासमोर टिकते काय हे पाहिले जावे. पेणच्या कारखान्यात गिऱ्हाईक मूर्तीच्या डोळ्यांत डोळे घालूनच बयाणा देतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे. तालुक्यापुरते पाहणे म्हणजे कूपमंडूकता, संशोधन वैश्विक हवे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी फिलिप अल्टबाख यांचे नाव जरूर ऐकलेले असते, कारण उच्च शिक्षणाच्या अभ्यासात जगभर त्यांचे दाखले दिले जातात. बॉस्टन कॉलेजात १९९५ साली त्यांनी या विषयाचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे केले. पण या अमेरिकन अभ्यासकाने आरंभ कोठून केला होता? मुंबईतून. मुंबईच्या विद्यार्थी राजकारणावर त्यांनी शिकागो विद्यापीठाचा प्रबंध लिहिला आणि त्याचे पुस्तक १९६८ साली निघाले. परदेशातला तरुण मुंबईच्या महाविद्यालयांत येऊन बसतो, येथली मुले काय करतात हे पाहतो आणि त्यातून जगाला सांगण्याजोगे काही उभे करतो. आमचा विद्यार्थी रोह्यात बसून बॉस्टनच्या लेखांचे उतारे जोडतो. यातला कूपमंडूक कोण?

यात सर्वांत अधिक भरडला जातो तो तासिका तत्त्वावर शिकवणारा तिशीतला तरुण. सकाळी दोन तास येथे, दुपारी दोन तास तेथे, सुट्टीत मार्गदर्शकाच्या घरची कामे आणि रात्री संदर्भसूची. संशोधन व मान्यता समितीपुढे त्याचा सारांश दोन वेळा परत येतो तो बहुधा शीर्षकातील एका शब्दासाठी. पाचव्या वर्षी पदवी मिळते, आईवडील पेढे वाटतात, आणि कायम नेमणुकीची जाहिरात निघत नाही ती नाहीच. त्याला दोष देऊन हात झटकणे सोपे आहे. व्यवस्थेने त्याला साचा भरायला शिकवले, तो साचा भरत राहिला. आखणी शिकवायला कोणी बसलेच नाही. शिकवणाऱ्यांपैकी कित्येकांच्या हाती तरी ती कोठे होती?

मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. रायगडातल्या पदवीधरांचीही मते त्यात असतात आणि मते मागायला येणारे पेण-रोह्याच्या घरांचे उंबरे झिजवतात. त्यांच्यापैकी एकाने तरी पुढच्या बैठकीत लेखी प्रश्न टाकावा: गेल्या दहा वर्षांत शिक्षणशास्त्रात किती पीएच.डी. दिल्या, त्यांतील किती प्रबंधांचा विषय महाविद्यालय हा होता, किती प्रबंध मराठीत होते, आणि त्यांतल्या एका तरी शिफारशीवर विद्यापीठाने स्वतः काही केले काय? तोंडी उत्तर स्वीकारू नये. आकडे महाविद्यालयवार मागावेत, आणि ते आले की पेणच्या व रोह्याच्या वाचनालयांत फळ्यावर लावावेत.